उलटा घातलेला हेडफोन

परवा बाजारात भरताची वांगी दिसली आणि माझा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. हातगाडीवर हिरवी-पांढरी, लांबट, पोटाशी फुगलेली वांगी रचलेली होती. जळगावात थंडी पडल्याची वर्दी आम्हांला हीच वांगी देतात. एरवी ती दिसली की तोंडाला पाणी सुटायचं, यंदा सुटलं नाही. गाडीवाल्याने भाव दोनदा तरी सांगितला असावा, कारण तो माझ्या उजव्या बाजूला उभा होता आणि वैतागलेला दिसत होता. मी वळून डावा कान पुढे केला, तेव्हा त्याने तो पुन्हा सांगितला.

वर्ष होत आलं. माणूस एवढ्या काळात सावरतो म्हणतात. मी सावरलोय असं मला वाटत होतं, वांगी दिसेपर्यंत.

मी डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकणारा माणूस घरी येऊन पुन्हा कानाला यंत्र कसं लावतो, हे घरच्यांना कधी उमगलं नाही. पण दिवसभर कोंड्यात वावरणाऱ्यालाच निवडलेल्या डाळीची किंमत असते. मला आवाज निवडून हवे असत. तबल्याच्या शाईवर बोट पडलं की काठावर, गाणाऱ्याने श्वास कुठे चोरला, पेटीवाल्याच्या मागे बसून कोण खाकरलं, हे सगळं मला वेगवेगळं ऐकायचं असे. त्यासाठी मी तीन हेडफोन जमवले. सुमन, म्हणजे माझी बायको, त्यांना डबडी म्हणते.

पहिलं डबडं बंद पाठीचं, कातडी गाद्यांचं. ते कानावर चढवलं की घर, गल्ली, शेजाऱ्यांचा टीव्ही, सगळं दाराबाहेर. ढोलकीचा ठेका त्यात पोटापर्यंत जातो. पण आमच्याकडचा वैशाख म्हणजे काय, हे ज्याने ते बनवलं त्याला ठाऊक नसणार. अर्धं गाणं होईतो गाद्यांखाली घामाची तळी साचायची आणि काढताना कान सोलल्यासारखे निघायचे. दुसरं उघड्या पाठीचं, मागे जाळी, मखमली गाद्या. त्यात ढोलकी जरा सडपातळ होते, पण गाणारा डोक्याच्या आत न बसता समोर येऊन बसतो, वारा खेळतो, आणि ते इतकं हलकं की घातलंय हे विसरून मी कितीदा तरी पाणी प्यायला उठलोय आणि वायरीबरोबर सगळा संच खाली ओढलाय. तिसरं सगळ्यांत जड. त्याचा आवाज इतका निर्मळ की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चष्मा पुसला, का ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्याचा पट्टा टाळू दाबतो, कडेची पकड चष्म्याच्या काड्या कानामागे रुतवते, आणि दोन गाणी झाली की मान संप पुकारते.

तर असा मी चोखंदळ. ध्वनिवेड्यांचा आमचा एक ग्रुप आहे मोबाईलवर, त्यात मी या डबड्यांच्या तुलना लिहायचो. लांबलचक, ठासून. मंडळी वाचायची, मानायची. माझ्या प्रत्येक तुलनेत एक तक्रार मात्र ठरलेली असे: उजवीकडे पडदा आहे. डावी बाजू स्वच्छ, उजवी जरा झाकलेली, जणू कुणी पदर टाकलाय. या तक्रारीपायी मी दोन हेडफोन परतही पाठवले. एका विक्रेत्याने नम्रपणे कळवलं की तपासून पाहिला, दोष सापडला नाही. मी त्याला खरमरीत उत्तर लिहिलं. त्यात 'कान असलेल्या माणसाकडून तपासून घ्या' असं वाक्य होतं. ते वाक्य आठवलं की आजही बसल्या जागी कानशिलं तापतात.

माझ्या या वेडाचा भागीदार धुळ्याचा रफिक. लग्नाकार्यांत, सभांत स्पीकर लावायचा त्याचा पिढीजात धंदा. आमची ओळख झाली तीही एका लग्नात, मी जेवण सोडून त्याच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, "तुमचा उजवा स्पीकर बसका वाजतोय." तो उठला, मंडपभर फिरून आला, माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "देखता हूँ भाऊ." त्या दिवसापासून दोस्ती. डबड्यांची अदलाबदल (ते जड डबडं मुळात त्याचंच), एकमेकांच्या घरी जेवणं. पडद्याविषयी मात्र त्याचं नि माझं कधी जमलं नाही. तो म्हणायचा, "मला तर बरोबर वाटते दोन्ही बाजू." मी म्हणायचो, तू डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून कान घालवून बसलायस, तुला काय कळणार. तो हसायचा आणि विषय बदलायचा.

आमच्या घरची एक पद्धत आहे. मार्गशीर्ष लागला की भडगावला नानांच्या शेतात भरीत. नाना माझे थोरले भाऊ, गिरणेच्या काठाला त्यांची शेती. शेतातच जाळ करायचा, तोही कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा, कारण त्या धुराशिवाय वांग्याला चव येत नाही. वांगी जाळात काळीठिक्कर होईतो भाजायची, गरम असतानाच सोलायची, आणि लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. एकीकडे पुरुषमंडळी जाळापाशी, दुसरीकडे कडुलिंबाखाली बायका कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत बसलेल्या. जाळापाशी बायकांनी यायचं नाही आणि चुलीपाशी पुरुषांनी लुडबुडायचं नाही, एवढा एकच कायदा.

तीन वर्षांपूर्वी मी हे भरीत रेकॉर्ड केलं. दोन माईक नेले होते, लांब वायरींचे. एक बडगीपाशी ठेवला, तो डाव्या बाजूला जोडला. दुसरा लिंबाच्या फांदीला टांगला, बायकांच्या डोक्यावर, तो उजव्या बाजूला. मधे खाटेवर रेकॉर्डर. पऱ्हाट्या तडतडतात, वांग्याची साल फुस्स करून फुटते, मुसळीचा ठोका आधी ओला, मग घट्ट होत जातो. असा आवाज कुठल्या गाण्यात मिळणार? तेव्हापासून कुठलाही हेडफोन हाती आला की आधी त्यावर भरीत ऐकायचं, मग बाकी सगळं. शेकडो वेळा ऐकलं असेल. डावीकडे सगळा थाट, उजवीकडे बायकांची नुसती गुणगुण, पाटाचं पाणी लांबून वाहावं तशी. शब्द एकही नाही. मी समजायचो, माईक उंच टांगला गेला. आणि हेडफोन चांगला असता तर शब्दही आले असते, असं ठरवून पुढचा हेडफोन शोधायचो.

मग गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. उन्हं कलायला आली होती. रफिक ते जड डबडं घेऊन आला होता आणि मी सगळ्यांना हौसेने भरीत ऐकवत होतो, भरीत खाण्याआधी. नाना जाळ डाव्या हाताशी ठेवून पऱ्हाट्या सारत बसले होते. टोपी काढायला तयार नाहीत, म्हणून टोपीवरूनच हेडफोन चढवला. त्याची वायर डाव्या डब्यातून निघते, ती जाळावर लोंबू लागली. नानांनी क्षणभर पाहिलं आणि सरळ हेडफोन काढून उलटा घातला, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. वायर जाळापासून लांब गेली. त्यांच्या दृष्टीने काम झालं.

एरवी मी हे खपवून घेतलं नसतं. उलटा हेडफोन म्हणजे उलट्या चपला, असं मी लोकांना तोंडावर सुनावलेलं आहे. पण तेव्हा मी चार हात लांब खाली मान घालून वांगी सोलत होतो, मनगटापर्यंत काळा. नानांनी डोळे मिटून ऐकलं, मग उठले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "ले रे भाऊ, तू बी ऐक. भलतं भारी शे." माझ्या हातांकडे पाहून त्यांनीच तो माझ्या डोक्यावर बसवला. जसा त्यांच्या डोक्यावर होता तसाच.

रेकॉर्डिंग सुरूच होतं. पहिल्यांदा वाटलं, हेडफोन बिघडला. बडगीचा ठोका उजवीकडे गेला होता, आणि तो बसका झाला होता. जाळाची तडतड जवळजवळ पुसलीच गेली होती. म्हणजे पडदा उजवीकडेच होता. पण बाजू तर उलटल्या होत्या. हेडफोनचा दोष असता तर तो हेडफोनबरोबर डावीकडे जायला हवा होता. तो गेला नव्हता. तो जागच्या जागी होता, माझ्या डोक्याला चिकटून.

हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात डाव्या कानात भाकरी थापल्याचा आवाज आला. पिठाचा, बांगड्यांचा, स्वच्छ. आणि त्यावर सुमनचा आवाज. वहिनींना सांगत होती, "तेस्ले त्या बाजूले ऐकू येस नही. म्हनीसन मी डावीकडेच बसस."

वहिनी विचारत होत्या, "मंग सांगस काबर नही?"

"कसं सांगू अक्का? तेसना बठ्ठा जीव त्या डबडास्मा शे. सांगं तं ऐकानंच सोडी देतीन."

कळलं तर मी ऐकणंच सोडून देईन, ही तिची भीती. मग पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज, आणि वहिनी म्हणाल्या, पीठ संपत आलं.

 हेडफोन काढून फेकावा असं वाटलं, पण हात वांग्याच्या सालींनी माखलेले, आणि परक्याची वस्तू. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. शेकडो वेळा ऐकलेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये माझी बायको माझ्याविषयी बोलत होती आणि मी त्यावरून हेडफोनांना नावं ठेवत होतो. समोर लिंबाखाली तीच सुमन, तशीच भाकरी थापत होती. मी टक लावून बघतोय हे जाणवून तिने मान वर केली. "काय दखी राह्यनात?" असं तिचे ओठ म्हणाले. मी मान हलवली, काही नाही म्हणून. त्या दिवशी भरीत कसं झालं होतं ते मला सांगता येणार नाही. सगळे बोटं चाटत होते, एवढं आठवतं.

सुमन दोन दिवस भडगावलाच राहणार होती. रफिकला दुसऱ्या दिवशी जळगावात काम होतं, म्हणून आम्ही दोघं त्याच्या गाडीने निघालो. निघताना त्याने नेहमीसारखी किल्ली माझ्यापुढे धरली, "भाऊ, चालवा तुम्ही." दरवेळी तो असंच करायचा. माझं गाडी चालवणं त्याला आवडतं, असा माझा समज होता. किल्ली पाहिली आणि दुसरा धक्का बसला. मी चालवायला बसलो की तो माझ्या डावीकडे येतो. मी म्हणालो, "आज तू चालव."

पाचोऱ्याच्या अलीकडे मी विचारलं, "भरताच्या रेकॉर्डिंगमध्ये उजवीकडे काय आहे, तू ऐकलं होतंस?" तो काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, पुढून वळसा घालून माझ्या डाव्या खिडकीशी आला आणि काचेवर हात ठेवून म्हणाला, "सुना था भाऊ. पहिल्या दिवशीच."

"मग बोलला का नाहीस?"

"भाभी नाही बोलल्या, तर मी कोण बोलणारा? आणि तुम्ही तर मलाच बहिरा म्हणत होते."

हसावं की त्याची कॉलर धरावी, मला कळेना. मी काच वर केली. घरापर्यंत आम्ही पुढे काही बोललो नाही, आणि बोललो असतो तरी मला ऐकू आलं नसतं.

ते दोन दिवस मी घरात एकटा, आणि एकेक गोष्ट उठून अंगावर येत होती. जेवताना सुमन कधीपासून डावीकडे पाट घेऊ लागली? मेहरूण तलावाला फिरायला गेलो की ती वाहनांच्या बाजूनेच चालायची, मी ओरडायचो, तरी वळसा घालून डावीकडेच यायची. मला वाटायचं, हट्टी आहे. मिलमध्ये माझी खुर्ची खिडकीशी, आणि खिडकीपलीकडे सगळी यंत्रं, उजव्या हाताला. उभं आयुष्य त्या खुर्चीत गेलं. फोन मी नेहमी डाव्या कानाला लावतो, तो का, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला गवयाचा चोरलेला श्वास ऐकू येतो त्याला आपलाच अर्धा गेलेला कान कळू नये, हे मला आजही अशक्य वाटतं.

सुमन आली. मी तिला म्हणालो, "माझ्या उजवीकडे बस आणि बोल." ती थबकली. पिशवी खाली ठेवली. मग डावीकडेच बसली.

"कधी समजनं तुमले?"

मी सांगितलं. उलटा हेडफोन, नाना, काळे हात.  मी विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाली, "एक दिन तुमी डाव्या कुशीवर पडेल व्हतात. जागा व्हतात, डोया उघडा. कुकर शिट्टीवर शिट्टी मारी राह्यना, तुमी हालनात बी नही. तवय समजनं." मग म्हणाली, "त्याना पहिले वाटे, तुमी मुद्दाम बोलतस नही. मी हाक मारू, तुमी दखेत बी नही. मी काय केलं, असंच वाटे. भलती रडनू."

कान गेला हा धक्का मी एव्हाना गिळत आणला होता. हा घशाखाली उतरेना. त्याच घरात, त्याच खोलीत ती रडत होती आणि मी डोक्यावर मखमली गाद्या चढवून पेटीमागचं खाकरणं शोधत होतो. कुकर मध्ये आला नसता तर ती आजवर तसंच समजत राहिली असती.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवीकडचे बारीक आवाज गेले, ते परत यायचे नाहीत. उरलेलं जपा, आवाज कमी ठेवा. एक यंत्र दिलं. त्यात सुमनची भाकरी पत्र्यावर थापल्यासारखी वाजते. मी डबडी कपाटात टाकली आणि ग्रुपमधून बाहेर पडलो. तिला जी भीती होती तसंच मी वागलो, तंतोतंत.  मिलमधून यायचं, जेवायचं, भिंतीकडे बघायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर आवरताना सुमनने कपाट उघडलं. गल्लीत पोरीबाळींचे झोके, गाणी चाललेली. ती मधल्या खोलीत आली ती उघड्या पाठीचं डबडं स्वतःच्या डोक्यात घालून, अंबाड्यावर तिरकं बसलेलं. म्हणाली, "लावा काही. मी बी ऐकस." मी लावलं. तिने डोळे मिटले. "उजवीकडे कोनीतरी टाळ वाजाडी राह्यना," ती म्हणाली. ते भजन मला तोंडपाठ. त्यात टाळ आहेत हे मला माहीत नव्हतं.  मग तिने ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि जाळीतून बाहेर झिरपणारे टाळ ऐकत, डाव्या गादीची कड जरा उचलून म्हणाली, "आते वाजना. आते थांबना."

तसं आमचं पुन्हा सुरू झालं. यंत्र घालून बंद डबडं चढवलं तर यंत्र आत किंचाळतं. उघड्यात त्याला जागा मिळते, ते गप्प बसतं. जड डबडं रफिकला कायमचं परत केलं. ग्रुपमध्ये परत शिरलो, तुलना मी अजून लिहितो, फक्त उजव्या बाजूचा मजकूर सुमनचा असतो. मी कितीही खुलवून सांगायला लावलं तरी तिचे शब्द दोनच, "बरं शे" आणि "उगाच शे". पण अजून तरी ती चुकलेली नाही.

काल आम्ही भडगावला गेलो होतो. वांगी मीच घेतली, त्या वैतागलेल्या गाडीवाल्याकडून. नानांनी जाळ केला, रफिकने बडगी धुतली. मी माईक काढले. एक बडगीपाशी ठेवला, एक लिंबाला टांगला, आणि खाटेवर बसून वायरी जोडताना जरा घुटमळलो. मग लिंबाचा माईक डावीकडे जोडला. बडगी गेली उजवीकडे. पऱ्हाट्यांची तडतड, वांग्याचं फुस्स, ज्यावर मी जगातले हेडफोन तोलत आलो ते सगळं गेलं तिकडे, जिथे मला यापुढे नीटसं ऐकू येणार नाही.

सुमन मागे उभी होती. "हाई तं उलटं व्हयनं," ती म्हणाली.

"हो."

तिने वायर कुठून कुठे गेलीय ते पाहिलं. "मंग यंदा आमले जपीसन बोलनं पडी," म्हणाली आणि लिंबाखाली जाऊन बसली.

मी यंत्र काढून खिशात ठेवलं, हेडफोन सरळ घातला, आणि वांगी सोलायला घेतली. हात काळे झाले. डाव्या कानात पिठाचा आवाज आला, मग बांगड्यांचा. वहिनी काही बोलू पाहत होत्या, त्यांना तिने बहुतेक खुणेने गप्प केलं. दोन भाकरी अशाच मुकाट झाल्या. मग ती माईककडे तोंड करून, अगदी हळू, शेजारी बसल्यासारखी म्हणाली, "ऐकू उनं का?"

मी जाळाच्या अलीकडून काळा हात वर केला.